डिस्क ब्रेक ओरडतोय? नवे पॅड घेण्याआधी हे पाहा

माउंटन बाइकचा डिस्क ब्रेक ओरडू लागला की बहुतेक जण आधी नवे पॅड विकत आणतात. पॅड बदलल्यावर एखादी फेरी शांततेत होते, पुढच्या फेरीला पुन्हा तोच कर्कश आवाज सुरू होतो आणि मग दोष कधी पॅड बनवणाऱ्यावर, कधी दुकानदारावर, तर कधी डिस्क ब्रेक या प्रकारावरच टाकला जातो. पुण्यात मी बरीच वर्षे स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या सायकली दुरुस्त करत आलो आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की ब्रेकच्या आवाजाचा विचार पॅड आणि तो ज्या चकतीवर घासतो तो रोटर या जोडीचा मिळूनच करावा लागतो. खराब रोटरवर चढवलेले नवे पॅड थोड्याच दिवसांत जुन्यांइतकेच खराब होतात, आणि पैसे मात्र दोनदा जातात.

नवा रोटर म्हणजे कोऱ्या स्टेनलेस स्टीलची चकती. पॅड आणि रोटर नवे असताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला जातो, तेव्हा पॅड तापतो आणि त्याच्यातल्या द्रव्याचा एक अतिशय पातळ थर रोटरवर बसत जातो. त्यानंतर पॅड घासतो तो मुख्यतः याच थरावर, आणि ब्रेकची खरी पकडही याच थरामुळे येते. हा थर सगळीकडे सारखा आणि कोरडा असेल तर ब्रेक गप्प राहतो. तो कुठे जाड, कुठे पातळ असेल किंवा त्यावर तेलाचा अंश असेल, तर पॅड एका जागी धरतो आणि पुढच्या जागी सुटतो. हे धरणे-सुटणे सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा घडते, त्यामुळे रोटर थरथरू लागतो आणि ती थरथर कॅलिपरमधून, म्हणजे पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या पकडीतून, फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दुभागी दांड्यात) किंवा फ्रेमच्या मागच्या नळ्यांमध्ये उतरते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज बराचसा या नळ्यांनी मोठा केलेला असतो. त्यामुळेच तोच ब्रेक एका सायकलवर शांत आणि दुसऱ्या सायकलवर असह्य वाटू शकतो.

पाना हातात घेण्याआधी आवाज नेमका केव्हा येतो, ते नीट ऐकावे. ब्रेक न दाबता चाक फिरवल्यावर दर फेऱ्याला एकदा ‘शिंग… शिंग…’ असा आवाज येत असेल तर रोटर वाकलेला आहे. तो आवाज सलग येत असेल तर कॅलिपर मध्यावर बसलेला नाही किंवा पॅडला रोटरवर ढकलणारा एखादा पिस्टन मागे जात नाही. ब्रेक दाबल्यावरच किंचाळी येत असेल तर बहुधा तेल किंवा काच धरलेला, म्हणजे तापून कडक आणि चकचकीत झालेला, पॅड कारणीभूत असतो. ब्रेक दाबताच हँडलला किंवा पायाला जाणवेल अशी घरघर होत असेल तर काहीतरी सैल आहे. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर असेल तर सायकल तिथेच थांबवावी, कारण पॅड संपलेला आहे आणि त्याचा पत्रा रोटर खात आहे.

यातले सगळ्यात जास्त आढळणारे कारण म्हणजे तेल, आणि ते बहुतेक वेळा सायकलच्या निगेतूनच येते. आमच्या सोसायटीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी मध्यंतरी सायकल घेऊन आली. “काका, पॅड आत्ताच बदललेत, तरी मागचा ब्रेक ओरडतोच आहे,” असे ती म्हणाली. मी आधी चेन पाहिली. ती ओली, काळी आणि तेलाने निथळत होती. तेल कसे घालतेस, असे विचारल्यावर कळले की ती सायकल स्टँडवर लावून, पेडल उलटे फिरवत, डब्यातल्या स्प्रेने चेनवर फवारा मारते. चेन उजव्या बाजूला आणि रोटर डाव्या बाजूला असतो, म्हणून तिला त्यात काही धोका वाटला नव्हता. पण स्प्रेचे बारीक तुषार स्पोकांमधून सहज पलीकडे जातात. पांढऱ्या कापडाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन मी रोटर पुसला. निरोगी रोटरवरून कापडावर कोरडी करडी धूळ येते, इथे मात्र कडेला पिवळट, ओशट डाग पसरला. पॅड काढून उजेडात धरले तर एका कडेचा भाग बाकीच्यापेक्षा गडद होता. नवे पॅड रोटरवरचे तेल प्यायले होते.

चेनला थेंबाथेंबाने घालायचे तेल वापरावे, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब पुरतो, आणि थोड्या वेळाने वरचे जादा तेल फडक्याने पुसून काढावे. स्प्रे वापरणे भागच असेल तर रोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी. तेल येण्याच्या इतरही वाटा आहेत. मोटारसायकली धुणाऱ्या काही वॉशिंग सेंटरवर धुलाई संपल्यावर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात. सायकल तिथे नेली तर ब्रेकची वाट लागलीच म्हणून समजावे. फ्रेमला चकाकी आणणाऱ्या सिलिकॉन स्प्रेचेही तेच. सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हाताने चाक बसवले आणि बोटे रोटरला लागली, तरी तेवढा अंश आवाजाला पुरतो. रोटर उचलताना नेहमी मधल्या भागाला किंवा कडेला धरावे, पॅड जिथे घासतो त्या पट्ट्याला हात लावू नये. आपण फेरीवरून नुकतेच आलेले असू तर तो भाजण्याइतका तापलेलाही असतो. फिरत्या रोटरच्या खाचांजवळ तर बोट कधीच नेऊ नये, त्यात बोटाचे पेर तुटू शकते.

आता सफाईकडे येतो. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते, शक्यतो ९९ टक्क्यांचे. सर्किट बोर्ड पुसायला तेच वापरतात, म्हणून पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात त्याची चौकशी करावी. हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात त्वचा कोरडी पडू नये म्हणून बहुधा ग्लिसरीन घातलेले असते. रॉकेल आणि पेट्रोलने तेल निघाल्यासारखे दिसते, पण मागे त्यांचा स्वतःचा ओशटपणा राहतो आणि कॅलिपरमधल्या रबरी सीललाही ते घातक असतात. गंज सोडवायचा स्प्रे तर ब्रेकच्या आसपासही आणू नये. तो मुळात तेलच असतो.

चाक काढून रोटर दोन्ही बाजूंनी पुसावा. बोळा बदलत राहावे, कारण एकाच बोळ्याने पुसत राहिल्यास तेच तेल रोटरभर पसरते. बोळा स्वच्छ निघू लागला की २२० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर घेऊन पट्ट्यावर हलक्या हाताने गोल गोल घासावे. जुना, विटलेला थर निघून रोटर सगळीकडे सारखा मंद दिसू लागला म्हणजे झाले. त्यानंतर पुन्हा एकदा अल्कोहोल. पॅडसाठी १२० नंबरच्या आसपासचा पॉलिश पेपर काचेवर किंवा सपाट फरशीच्या तुकड्यावर खरखरीत बाजू वर करून ठेवावा आणि पॅडच त्यावर घासावा. पॅड हातात धरून वर कागद घासला तर कडा गोलावतात आणि पृष्ठभाग सपाट राहत नाही. चकाकी जाऊन खालचे कोरडे, खरबरीत द्रव्य दिसले की थांबावे. ही धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. तोंडाला मास्क बांधून, उघड्यावर बसूनच हे काम करावे.

पॅडमध्ये तेल खोल मुरले असेल तर घासूनही उपयोग होत नाही, कारण पॅड सच्छिद्र असतो आणि तापला की आतले तेल पुन्हा वर येते. असे पॅड गॅसच्या शेगडीवर भाजून तेल जाळून टाकण्याचा उपाय बरेच जण सांगतात. मला तो पटत नाही. रेझिन पॅडमधले बंधक द्रव्य त्या आचेत खराब होते, पॅड आणि मागचा पत्रा यांचा सांधा कमकुवत होण्याची भीती असते, आणि निघणारा धूर स्वयंपाकघरात घेण्यासारखा मुळीच नसतो. घाटात ज्याच्या भरवशावर उतरायचे, त्या वस्तूच्या बाबतीत मी ही काटकसर करत नाही. मुरलेले पॅड टाकून देतो, पण रोटर स्वच्छ केल्याशिवाय नवे बसवत नाही.

बाहेरून तेल येण्याचे काहीच कारण नसताना एकाच ब्रेकचे पॅड पुन्हा पुन्हा ओशट होत असतील, तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, कॅलिपरच्या पिस्टनचा सील गळत असण्याची शक्यता धरावी. पॅड काढून कॅलिपर आतून अल्कोहोलने कोरडा करावा, दोन्ही पिस्टनांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घट्ट घडी बसवावी, लिव्हर रबरबँडने दाबून बांधावा आणि सायकल रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटला असेल तर निदान झाले. अशा वेळी बहुधा पूर्ण कॅलिपरच बदलावा लागतो. त्यात तेल भरताना ब्रेकवर लिहिलेलेच भरावे. शिमानो आणि मागुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट द्रव (मोटारींच्या ब्रेकमध्ये असतो तसा) असतो, आणि एकाच्या जागी दुसरे घातले तर सील फुगून ब्रेक निकामी होतो.

सफाईनंतरचे सगळ्यात महत्त्वाचे काम म्हणजे ब्रेक बसवणे, म्हणजे तो पातळ थर पुन्हा नीट तयार करणे. नेमके हेच बहुतेक लोक गाळतात. पहाटे रहदारी नसलेला सरळ रस्ता पाहावा. ताशी साधारण २० किलोमीटरचा वेग घ्यावा आणि एकच ब्रेक घट्ट, एकसारखा दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यावे. पूर्ण थांबायचे नाही आणि चाक लॉकही होऊ द्यायचे नाही, कारण तापलेला पॅड एका जागी थांबला की तिथे त्याचा ठसा उमटतो आणि पुढे दर फेऱ्याला तो ठसा हाताला जाणवत राहतो. असे वीसेक वेळा केल्यावर वेग थोडा वाढवून आणखी दहा वेळा करावे, मग दुसऱ्या ब्रेकची पाळी. सुरुवातीला पकड फारच कमी असते, त्यामुळे हे काम गर्दीत किंवा उतारावर करू नये. आठव्या-दहाव्या वेळेपासून लिव्हरमधला फरक बोटाला स्पष्ट कळू लागतो. आधी पॅड नुसता घसरत असतो, मग धरू लागतो, आणि त्याबरोबर आवाजही खाली येत जातो. दुकानातून आलेली नवी सायकल पहिल्याच आठवड्यात ओरडू लागते, तेव्हाही बहुधा कोणी तिचे ब्रेक बसवलेले नसतात एवढेच कारण असते.

ब्रेक न दाबता येणारा घासण्याचा आवाज मात्र सोप्या कामाने जातो. कॅलिपरचे दोन बोल्ट पाच मिलिमीटरच्या ऍलन कीने अर्धा फेरा सैल करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावा आणि तो दाबलेला असतानाच दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. नंतर कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून रोटर आणि पॅड यांच्यामधून पाहावे. दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल तर पुन्हा बोल्ट सैल करून कॅलिपर हाताने केसभर सरकवावा. केबलवर चालणाऱ्या मेकॅनिकल डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो आणि रोटरला वाकवून स्थिर पॅडवर टेकवतो. तिथे स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने रोटरच्या शक्य तितका जवळ, पण न टेकता आणून ठेवावा. हे अंतर जास्त राहिले की रोटर जास्त वाकतो, पॅड तिरका झिजतो आणि आवाज करू लागतो.

कॅलिपर मध्यावर आणूनही एका बाजूची रेघ नाहीशी होत असेल तर पिस्टन अडकलेला असतो. चिखल आणि पॅडची धूळ मिळून पिस्टनच्या कडेवर एक काळे पुट धरतात. पॅड काढून, मोकळा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दाबून धरावा आणि अडकलेला पिस्टन ब्रेक लिव्हरच्या हलक्या दाबाने दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणावा. त्याहून जास्त आणला तर तो निसटून तेल सांडेल. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने त्याची बाहेर आलेली कड सगळीकडून पुसावी, त्या ब्रेकच्याच तेलाचा एक थेंब कडेला लावावा आणि पिस्टन आत ढकलावा. असे दोन-चार वेळा केले की तो मोकळा हलू लागतो. शेवटी तेलाचा मागमूसही राहू नये म्हणून सगळे अल्कोहोलने पुसूनच पॅड बसवावेत.

सायकलच्या दुकानात चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतात, तसाच रोटरचाही काढता येतो. कॅलिपरकडे पाहत चाक सावकाश फिरवावे, रोटर पॅडला जिथे टेकतो त्या जागेवर स्केचपेनने खूण करावी आणि स्वच्छ पुसलेल्या ऍडजस्टेबल पान्याने तेवढाच भाग उलट दिशेला अगदी हलके वाकवावा. एका दणक्यात सरळ करायला गेले की नवा आऊट तयार होतो. रोटर झिजलेला असेल तर मात्र या मेहनतीत अर्थ नाही. नवा रोटर साधारण १.८ मिलिमीटर जाड असतो, शिमानोच्या बाबतीत तो १.५ पर्यंत आला की बदलायचा असतो, आणि ही किमान जाडी बहुधा रोटरवरच कोरलेली असते. बोट फिरवून अंदाज घेण्यापेक्षा जाडी मोजायच्या गेजने (व्हर्नियर कॅलिपरने) मोजणे बरे.

घरघरीबद्दल थोडक्यात सांगतो. रोटरचे बोल्ट (बहुधा सहा), कॅलिपरचे दोन, चाकाचा ऍक्सल, हबचे बेअरिंग आणि हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) एवढे तपासले की ती बहुधा सापडते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलताना हेडसेटवर बोट ठेवले तर ढिलाई लगेच कळते. टॉर्क पाना असेल तर कॅलिपरचे बोल्ट साधारण ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळावेत. पॅडच्या मधली पातळ स्प्रिंग वाकून रोटरला टेकली तरी बारीक किणकिण येते, म्हणून पॅड काढाल तेव्हा तिच्यावरही नजर टाकावी.

आता घाटाविषयी, कारण आपल्याकडे चांगले पॅड काच धरतात ते घाट उतरतानाच. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाचा घाट साधारण नऊ किलोमीटरचा आहे आणि त्यात सुमारे सहाशे मीटरची चढण आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले तर वरून खाली येताना जवळजवळ सव्वापाच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेगाने उतरणाऱ्याची बरीच ऊर्जा वाऱ्यात जाते. भीतीपोटी पूर्ण घाट ब्रेक अर्धवट दाबून, ताशी १५ च्या वेगाने उतरणाऱ्याची मात्र जवळपास सगळी ऊर्जा त्या दोन पातळ रोटरांत उतरते. पॅडचा पृष्ठभाग भाजून कडक, चकचकीत होतो, पकड कमी होते, म्हणून स्वार आणखी जोराने दाबतो आणि घाट संपेपर्यंत दोन्ही ब्रेक ओरडू लागलेले असतात. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि वळण सुटल्यावर ब्रेक पूर्ण सोडावेत, म्हणजे मधल्या काळात रोटरला वारा लागतो. नवशिक्यांनी उतारावर मधे मधे थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत, पण थांबल्यावर लिव्हर दाबून धरू नये. काच धरलेले पॅड वर सांगितल्याप्रमाणे घासून पुन्हा बसवले की बहुतेक वेळा सुधारतात.

राहिला पावसाळा. ओल्या रोटरचा पहिल्या काही ब्रेकांना येणारा भोंगा हा दोष नव्हे. पाणी पुसले जाऊन पॅड तापला की तो आपोआप थांबतो, त्यासाठी काही उघडू नये. चिखलाचे प्रकरण वेगळे आहे. ताम्हिणीच्या बाजूला किंवा वेताळ टेकडीवर पावसात चालवल्यावर रोटरवर जो राडा येतो, त्यातली बारीक रेती पॉलिश पेपरसारखे काम करते आणि रेझिन पॅड बघता बघता संपवते. रेझिन पॅड शांत असतात आणि गार असतानाही चांगले धरतात. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड थोडा जास्त आवाज करतात, पण चिखलात आणि उष्णतेत पुष्कळ टिकतात. मी जून ते सप्टेंबर सिंटर्ड वापरतो आणि तो थोडासा आवाज मान्य करतो. मात्र स्वस्त सायकलींच्या काही रोटरांवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे लिहिलेले असते, त्यांवर सिंटर्ड लावू नयेत, कारण तो मऊ रोटर लवकर खाल्ला जातो. पॅडचा प्रकार बदलताना रोटरवरचा जुना थर पॉलिश पेपरने काढून टाकावा, नाहीतर दोन द्रव्यांच्या मिश्रणाने पुन्हा तोच आवाज सुरू होतो. चिखलातून बाहेर आल्यावर उतार सुरू होण्याआधी पिण्याच्या बाटलीतले थोडे पाणी दोन्ही कॅलिपरवर ओतावे, आणि पावसाळ्यात पॅडची जाडी दर दोन-तीन फेऱ्यांनी पाहावी. पत्र्यावरचे द्रव्य ०.५ मिलिमीटरपर्यंत आले की पॅड संपला असे शिमानो सांगते. पावसात तो शेवटचा भाग एकाच उतारात जाऊ शकतो, म्हणून मी एक मिलिमीटर राहिले की पॅड बदलतो आणि एक नवी जोडी बंद पिशवीत घालून सॅडलखालच्या बॅगेत, पंक्चरच्या सामानापासून वेगळी ठेवतो.